गुंठा, आर आणि मधले पाचशे चार फूट

पैठणहून छत्रपती संभाजीनगरसाठी आखलेल्या नव्या जलवाहिनीचा व्यास २५०० मिलिमीटर आहे. आकडा ऐकून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. आठ फुटांच्या वर म्हटलं की लगेच राहतं: डोक्यावर पाटी घेतलेला माणूस आतून न वाकता चालत जाईल एवढा पाइप. आधीच्या दोन वाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या, आणि त्या फुटल्याच्या बातम्या वाचून वाचून 'सातशेची लाइन', 'चौदाशेची लाइन' हे शब्द शहरात पोराबाळांच्याही तोंडी बसलेत. गंमत अशी, की चाळीसेक किलोमीटर मिलिमीटरातून वाहत आलेलं हे पाणी घराच्या उंबऱ्याशी येऊन एकदम इंचात उतरतं. नळजोडणी असते अर्ध्या इंचाची. महापालिकेचा अर्ज 'अर्धा इंच' म्हणतो, प्लंबर दुकानात जाऊन 'अर्धा इंची एल्बो' मागतो. आणि त्या अर्ध्या इंचाला पाणी आलंच नाही, तर दारात टँकर येतो तो लिटरात, ड्रम भरतो तो दोनशे लिटरचा, आणि शेजारीण उसना मागते तो हंडा.

ज्या धरणातून हे पाणी येतं, तिथं तर मापांचा मेळाच भरलेला आहे. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. देशात मीटर-किलो सक्तीचे होऊन पायाभरणीच्या वेळी तीन वर्षं उलटली होती. तरीही नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, पूर्ण भरतो तो १५२२ फुटांवर. सरकारी तक्त्यात हीच पातळी ४६३.९०६ मीटर अशी येते. आकड्याचा जन्म कुठल्या मापात झाला, हे त्याच्या शेपटीवरून ओळखता येतं. ज्याला दशांशाच्या पुढं तीन घरं ओढावी लागतात, तो बाहेरून आलेला पाहुणा. धरण फुटात रेखलं गेलं आणि मीटरात नोंदवलं गेलं, एवढं हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतं.

साठ्याचं तसंच. पाटबंधारे खातं बोलतं 'दलघमी'त, म्हणजे दशलक्ष घनमीटरात. पुढारी बोलतात टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटात. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी, म्हणजेच सुमारे ७६.७ टीएमसी. दारं उघडली की विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटात, मोजला जातो, आणि शहराला रोज किती पाणी मिळालं हे एमएलडीत, म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटरात. नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा वाद पेटतो, तेव्हा एकाच पानावर हे चारही शब्द सापडतात आणि कोण कोणाला किती देणं लागतो, हे वाचकाला कळत नाही. यातला एक सांधा मात्र तोंडपाठ असावा असा आहे. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह पूर्ण एक दिवस चालला की एक टीएमसी पाणी होतं. एवढं माहीत असलं की 'पाच हजार क्युसेकनं पाणी सोडलं' या घोषणेतली हवा वाचक स्वतःच मोजू शकतो: चोवीस तासांत अर्धा टीएमसीही नाही.

आपल्याकडं या विषयावर चर्चा झालीच तर ती दोन टोकांना जाते. एका बाजूला 'साठ वर्षं झाली तरी लोक गुंठा, तोळा सोडत नाहीत' अशी शिकलेल्यांची कुरकुर. दुसऱ्या बाजूला पायली-मापट्यांच्या आठवणींनी गहिवरणारे. दोघंही माणसाच्या सवयीबद्दल बोलतात. पण मराठवाड्याचा अनुभव पाहिला, तर सवय हा इथला अडथळा कधीच नव्हता.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, तेव्हा इथल्या बाजारात हाली सिक्का चालत होता आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, अर्थात इंग्रजी रुपये, असा हिशोब लोक चालता चालता करत होते. वर्ष मोजलं जायचं ते फसली, म्हणजे महसुली पंचांगानं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद सोडून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच डिसेंबरात संसदेनं वजन-मापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्यानं किलो सुरू झाला, आणि एप्रिल १९६२ पासून शेर-मण कायद्यानं बाद झाले. म्हणजे राजा, राज्य, सिक्का, पंचांग आणि तराजू असं सगळं चौदा-पंधरा वर्षांत बदललं, आणि त्या पिढीनं ते पचवलं. आज शहागंजच्या भाजीबाजारात शेर मागणारं कोणी भेटणार नाही.

किलो जिंकला तो प्रबोधनानं नव्हे. वजनं बदलली म्हणून जिंकला. दुकानातल्या शेराच्या वजनांच्या जागी नवी षट्कोनी लोखंडी वजनं आली आणि निरीक्षक त्यांच्यावर शिक्के मारू लागले. तराजूच्या पारड्यात टाकायला दुसरं काही उरलंच नाही. जिथं हातातलं हत्यार बदललं, तिथं माप बदललं. जिथं नुसता कागद बदलला, तिथं जुनं माप जमिनीत रुतून बसलं.

त्यातही लोकांनी नव्या मापाला आपलं वळण लावलंच. सरकारी वजनांची उतरंड १०००, ५००, २००, १००, ५० ग्रॅम अशी. तीत २५० ग्रॅमचं वजनच नाही. आणि गिऱ्हाईक मागतं काय? पाव किलो. कारण मराठी हिशोब अर्ध्याच्या अर्ध्यानं चालतो: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, थेट साडेतीनच्या औटकीपर्यंतचे पाढे ज्यांनी घोकले, त्यांना दशमान म्हणजे दहाच्या पायऱ्या परक्याच वाटल्या असणार. मग भाजीवाल्यानं तोड काढली. दोनशेच्या वजनावर पन्नासचं ठेवायचं, की झाला पाव. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता, नवा २५०चा झाला. शब्द टिकला, वस्तू बदलली, आणि त्यात गिऱ्हाईकाचा सतरा ग्रॅमनं फायदाच झाला.

सोन्यात उलटं झालं. तोळा म्हणजे १२ मासे, ९६ गुंजा, आणि ग्रॅममध्ये ११.६६. आज सराफ्यात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. काटा ग्रॅमचा झाला, भाव दहा ग्रॅमचा निघू लागला, आणि 'तोळा' हा शब्द गुपचूप १.६६ ग्रॅमनं रोड झाला. रोजच्या खरेदीत यानं काही बिघडत नाही, कारण पावती ग्रॅममध्ये असते. बिघडतं ते जुन्या यादीत. आजीच्या लग्नाच्या यादीत 'पाटल्या, चार तोळे' असं मोडीत लिहिलेलं असेल, तर त्या पाटल्या साडेशेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात. वाटणीच्या वेळी नातू मोबाइलवर चार गुणिले दहा करून चाळीस म्हणतो आणि काट्यावर जास्त भरलं की आजी किती मोठ्या मनाची होती म्हणून खूश होतो. हिशोब उलट्या दिशेनं करायची वेळ आली, की हाच नातू साडेसहा ग्रॅमसाठी चुलत्याशी अबोला धरील.

खरा गुंता जमिनीत आहे, आणि या शहराला तो चांगलाच ठाऊक आहे. मोजणी इथं नवी नाही. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, सोळाशे पन्नासच्या दशकात, त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान यानं या भागात जमीन मोजून सारा बांधण्याची पद्धत आणली. मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून हा दिवाण कधी कधी मोजणीच्या साखळीचं एक टोक स्वतःच्या हातात धरायचा, असं जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. पुढं शिवशाहीतली काठी पाच हात पाच मुठींची ठरली. माप कोणतंही असो, भांडण एकाच प्रश्नाचं: टोक कोणाच्या हातात आहे?

आजचा गुंठा या सगळ्याच्या मानानं अलीकडचा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. इंग्रजी अमलात मोजणीदाराच्या हातात ३३ फुटांची साखळी होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. बांध त्या साखळीनं पडले, खुणांचे दगड त्या साखळीनं रोवले गेले. मग दशमान आलं आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर लागले. आर म्हणजे दहा मीटर गुणिले दहा मीटर, १०० चौरस मीटर. १७९५ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत जन्मलेलं एकक. कागद बदलला, बांध हलले नाहीत.

आणि नेमका इथं योगायोगानं घात केला. गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर, आर १००. दोन्ही एवढे सारखे, की गावोगाव लोकांनी आरलाच गुंठा म्हणायला सुरुवात केली. सातबाऱ्यावर ०.४० दिसलं की 'चाळीस गुंठे, एक एकर' असं बोललं जातं. एका गुंठ्यामागं साडेबारा चौरस फुटांचा फरक, म्हणजे एक खाट मावेल एवढीही जागा नव्हे. त्याच्यासाठी कोण भांडणार? पण चाळीस आर म्हणजे ४००० चौरस मीटर आणि एकर म्हणजे ४०४६.८६. मधला फरक ५०४ चौरस फूट. वीस बाय पंचवीसचा एक अख्खा प्लॉट! शहरालगतच्या जमिनीला फुटामागं हजार रुपये भाव धरला, तरी बोलण्यातल्या एका ढिलाईची किंमत पाच लाखांवर जाते. शेतीच्या काळात हे चालून गेलं. ज्वारीचं एक तास कमी आलं, एवढंच. जमीन फुटावर विकायची वेळ आली आणि हिशोब अंगाशी आला.

या शहरात अशी वेळ हजारो घरांवर आली. एका जमिनीच्या मापाचं नाव थेट कायद्याला मिळावं, हे इथं घडलं आहे. २००१ चा महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम. शेत घेऊन त्याचे गुंठे-अर्धे गुंठे पाडून विकायचे, खरेदीखताऐवजी शंभर रुपयांच्या बाँडपेपरवर लिहून द्यायचं, आणि वसाहत उभी राहिली की रस्ता-ड्रेनेजसाठी महापालिकेच्या पायऱ्या झिजवायच्या, हा क्रम इथल्या कित्येक वस्त्यांनी पाहिला. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची वाट मोकळी झाली. आता असा प्लॉट कसा प्रवास करतो ते बघा. मूळ शेत सातबाऱ्यावर आरमध्ये. विक्री गुंठ्यात. प्लॉटची ओळख फुटात, 'वीस बाय तीस'. रेडीरेकनरचा दर चौरस मीटरला. रेराच्या कागदावर सदनिकेचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आणि तिचीच जाहिरात चौरस फुटात. ज्यानं शेत आरनं घेतलं आणि प्लॉट गुंठ्यानं पाडले, त्याला एकरामागं ते पाचशे चार फूट कुठून तरी काढावे लागतात. बहुधा ते रस्त्यातून निघतात. नंतर तिथं पाण्याचा टँकर वळत नाही, तेव्हा त्या गल्लीतल्या कोणालाही आर आणि गुंठ्याची आठवण होत नाही.

फुटा-मीटरची ही झटापट अगदी पायाखाली बघायची असेल, तर फरशी बसत असताना कोणत्याही नव्या घरात डोकावावं. मालकानं खोली काढली दहा बाय दहा, फूट अर्थातच. फरशी आणली 'दोन बाय दोन'. दहाला दोननं भागलं, पाच फरशा बसायला हव्यात. बसत नाहीत. कारण कारखान्यातून आलेली फरशी खरं तर ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६०९.६. पाच फरशा लावून झाल्या की भिंतीपाशी ४८ मिलिमीटरची, जवळपास दोन इंचांची पट्टी उघडी राहते. प्लास्टर आणि स्कर्टिंग थोडं खाऊन टाकतं, सांधे थोडं भरून काढतात. उरलेलं मिस्त्री फरशी कापून बुजवतो. तो काही बोलत नाही. मशिनचा कर्कश आवाज होतो, पांढरी धूळ उडते, एका फरशीतून एक चिरोटी निघते आणि बाकीची फरशी जिन्याच्या पायरीसाठी बाजूला ठेवली जाते. मालक विचारतो, 'माप चुकलं का?' मिस्त्री म्हणतो, 'माप बरोबर आहे, फरशी कंपनीची आहे.' इतकं अचूक उत्तर वैधमापन खात्यालाही सुचणार नाही.

त्याच मिस्त्रीच्या तोंडी भिंत सहा इंची असते आणि सळई 'दहा एमएम'. पूर्वी हीच सळई 'तीन सुती' होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सळई कारखान्यातून मिलिमीटरात येऊ लागली आणि 'तीन सुती' मागं पडली. भिंत मात्र जागेवरच, टेपनं मोजून बांधली जाते, आणि टेपच्या एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. दोन्ही हत्यारं हातात असल्यावर माणूस ओळखीचं उचलणारच. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात दिवसभर मायक्रॉनच्या फरकावरून माल नापास करणारा क्वालिटीचा माणूस संध्याकाळी स्वतःच्या बांधकामावर येऊन 'दोन सूत आत घ्या' म्हणतो, आणि त्यात त्याला काडीचीही विसंगती वाटत नाही. हातातलं साधन बदललं, म्हणून भाषा बदलली.

हे गुपित सरकारला कळत नाही असं मुळीच नाही. युरियाचीच गोष्ट घ्या. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी हेक्टरी किलोत असतात, तेही नत्र-स्फुरद-पालाशाच्या. शेतकरी मोजतो एकरी बॅगा. युरियाचा वापर वाढत चालला, तेव्हा केंद्रानं शेतकऱ्याला किलो शिकवण्याच्या भानगडीत न पडता बॅगच ५० किलोंवरून ४५ किलोंची केली. मार्च २०१८ पासून ती बाजारात आली. एकरी दोन बॅगा टाकणारा दोनच टाकणार, पण जमिनीत दहा टक्के कमी युरिया जाणार, असा हा सरळ हिशोब. हत्यार बदला, माप आपोआप बदलतं. दिल्लीला हे पक्कं माहीत आहे.

मग शिफारशीच्या पत्रकावर तेवढी अक्कल का दिसू नये? समजा, एखाद्या पिकाला हेक्टरी १०० किलो नत्र सांगितलं आहे. सिल्लोडच्या शेतकऱ्यानं त्यातून युरियाच्या बॅगा काढायच्या म्हणजे आधी २.४७ नं भागून एकराला ४०.५ किलो नत्र, मग युरियात नत्र ४६ टक्के म्हणून ०.४६ नं भागून ८८ किलो युरिया, मग ४५ नं भागून जवळजवळ दोन बॅगा. तीन भागाकार, तेही दुकानदार 'किती टाकू?' विचारत उभा असताना. 'एकरी दोन बॅगा' एवढे तीन शब्द पत्रकावर छापायला शाई किती लागली असती?

नुकसानभरपाईच्या घोषणेत तर या भागाकाराला वेगळाच वास येतो. केंद्राच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार जिरायत पिकाच्या नुकसानीला हेक्टरी ८,५०० रुपये. व्यासपीठावरून 'हेक्टरी साडेआठ हजार' म्हटलं की आकडा भारदस्त वाटतो. मराठवाड्यातला शेतकरी हेक्टरात पेरत नाही, एकरात पेरतो. बियाणं, मजुरी, नांगरट, रोटा, सगळा खर्च त्याच्या डोक्यात एकरी असतो. त्याच्या भाषेत ही मदत एकरी ३,४४० रुपये होते. शेजारच्या तेलंगणानं २०१८ मध्ये रयतू बंधू योजना काढली ती थेट एकरी रकमेत, आणि नांदेड-देगलूरच्या सीमेवरच्या लोकांना ती ऐकल्याबरोबर समजली. हेक्टर हे शास्त्रीय एकक आहे यात वाद नाही. पण देताना हेक्टर आणि मोजताना एकर यात आकडा अडीचपट फुगतो, आणि हे बोलणाऱ्याला ठाऊक नसतं असं समजणं फारच भाबडेपणाचं होईल.

पावसाचं थोडं निराळं आहे. तिथं मिलिमीटरनं शेतकऱ्याचं भलंच केलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला आता पारावर सर्रास ऐकू येतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, हेही प्रत्येकाला पाठ. कारण त्या आकड्यावर पैसे अवलंबून आहेत आणि तो दाखवणारं यंत्र मंडळात बसवलेलं आहे. तरी पेरणीच्या सकाळी माणूस शेतात बोटानं माती उकरून ओल किती खाली गेली ते पाहतोच. यात जुनं-नवं असं काही नाही. पर्जन्यमापक मंडळाचं सांगतो, बोट आपल्या शेताचं.

लोकांना दशमान शिकवणाऱ्या सरकारचं स्वतःचं घर किती दशमान आहे? वाळू, मुरूम, खडी यांचं स्वामित्वधन आकारलं जातं ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. २०२३ च्या वाळू धोरणातसुद्धा दर होता ब्रासला ६०० रुपये. कापूस शेतकरी क्विंटलनं विकतो, जिनिंगमधून निघालेली रुई व्यापारी खंडीनं विकतो, आणि पीक किती झालं हे सांगताना सरकार गाठी मोजतं. ही खंडी ३५६ किलोंची, कारण मुळात ती ७८४ पौंडांची होती. गाठ १७० किलोंची. एकाच बोंडातला कापूस, तीन घरी तीन नावं. आणि भाव पडला की का पडला, हे खंडीच्या भावातून क्विंटलचा भाव काढता येणाऱ्यालाच आधी कळतं. दुष्काळ ठरवण्याची 'आणेवारी' मात्र नवा पैसा आल्यावर इमानदारीनं 'पैसेवारी' झाली. गावं अजून आणेवारीच म्हणतात, पण पन्नास पैशांच्या आत की बाहेर, एवढंच विचारायचं असल्यानं कोणाचं काही अडत नाही.

कोणाचं अडत नाही अशी मापं खरं तर खूप आहेत, आणि त्यांच्या वाटेला जाण्याचं कारण नाही. पैठणी नऊवारीच राहो, ती ८.२३ मीटर भरते हे माहीत झाल्यानं तिच्या पदरावरचा मोर काही जास्त फुलणार नाही. उन्हाळा ४२ अंशांचा आणि ताप १०२ चा, हेही आपण सहज पेलतो. एक सेल्सिअस, दुसरा फॅरनहाइट, आणि आईला कधी शंका येत नाही. तापातला ९८.६ हा पवित्र आकडाही मुळात रूपांतराचाच. जर्मन वैद्य वुंडरलिश यानं १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस हा ढोबळ आकडा दिला, त्याचं फॅरनहाइट केल्यावर हा दशांश चिकटला. पोलीस भरतीला पोरं १६५ सेंटिमीटरच्या रेघेखाली उभी राहतात, लग्नाच्या बायोडाट्यात 'पाच फूट पाच इंच' लिहितात. आणि या दोन्ही उंच्या मिलिमीटरभराच्या फरकानं एकच आहेत.

अडतं ते सांध्यावर, जिथं एकाच्या कागदावरचा आकडा दुसऱ्याच्या हातात जातो आणि वाटेत एकक गळून पडतं. हे फक्त तलाठ्याच्या टेबलावर होतं असं नाही. नासानं डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडं धाडलेलं क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवलं, कारण धक्क्याचे आकडे एका चमूनं पौंड-सेकंदात दिले आणि दुसऱ्यानं ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक ४.४५ पटींचा. एकट्या एकट्याचं गणित बरोबर होतं. ०.४० बघून 'चाळीस गुंठे' म्हणणाराही आकडा बरोबरच वाचत असतो.

म्हणून लोकांनी गुंठा सोडावा की नाही, हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. रूपांतराचं ओझं कोणी उचलायचं, हे ठरवायला हवं, आणि ते कागद देणाऱ्यानं उचलावं. शेतकऱ्यानं, प्लॉटवाल्यानं, नळधारकानं नव्हे. २००९ च्या वैधमापन कायद्याचा रोख वस्तूंचे भाव आणि जाहिराती प्रमाण मापातच असाव्यात असा आहे, आणि बाजारासाठी तो योग्यही आहे. पण सरकारी कागद ही काही जाहिरात नव्हे. सातबारा आता संगणकातून निघतो. हेक्टर-आरच्या शेजारी त्याचेच गुंठे छापणं हे यंत्राला क्षणाचं काम. मदतीच्या आदेशात हेक्टरी रकमेखाली एकरी रक्कम, खताच्या पत्रकात बॅगा, धरणाच्या रोजच्या तक्त्यात दलघमीसोबत टीएमसी. आणि जिथं हत्यार बदलणं सरकारच्याच हातात आहे, तिथं जुनं माप खुशाल काढून टाकावं. वाळूच्या गाडीला वजनकाटा उपलब्ध असताना ब्रासचा हट्ट कशाला?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की दोन्ही मापं शेजारी छापली तर लोक दशमान कधी शिकणार? शाळेत मीटर शिकून आता तीन पिढ्या झाल्या. कागदावर एकटा आर छापून साठ वर्षांत साधलं ते एवढंच, की लोक आरलाच गुंठा म्हणू लागले. त्यापेक्षा सातबाऱ्यावर ओळ अशी दिसली तर बरं: क्षेत्र ०.४० हेक्टर, गुंठे ३९.५४. हे उरलेले ०.४६ गुंठे रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी खरेदीदाराच्या नजरेला पडले, तर निदान भांडण कंपाउंड घालायच्या आधी होईल.